दुसऱ्या प्रश्नाची तयारी

लेखी परीक्षेचा निकाल लागून मुलाखतीचे पत्र हाती पडले, की प्रत्यक्ष मुलाखतीच्या दिवसापर्यंत जे थोडे आठवडे उरतात, त्यांत नांदेड-लातूरकडील सुशिक्षित तरुणाच्या घरी एकच उद्योग अहोरात्र चाललेला दिसतो. तो म्हणजे विचारले जाण्याचा संभव असलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहून काढणे, ती जाणत्यांकडून तपासून घेणे आणि नंतर मुखोद्गत करणे. 'स्वतःविषयी सांगा', 'या सेवेत का यावेसे वाटते', 'तुमच्यातील उणीव कोणती', 'मधली वर्षे कोठे गेली', 'पाच वर्षांनंतर काय करीत असाल' हे प्रश्न लोकसेवा आयोगाच्या दालनात, बँकेच्या निवडसमितीपुढे आणि खाजगी कारखान्याच्या कचेरीत थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरे आधी तयार करावीत की नाही, आणि करावयाची तर कशी, या प्रश्नाचे दोन पक्ष पुढील संवादात मांडले आहेत. पहिला पक्ष नांदेडच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा. दुसरा, महसूल खात्यातून उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त होऊन लातुरात स्थायिक झालेल्या एका अधिकाऱ्यांचा. दोघांचाही उमेदवारांशी नित्याचा संबंध आहे आणि दोघांनाही त्यांच्याविषयी सारखीच कळकळ आहे.

प्राध्यापक : साहेब, सराव-मुलाखतींसाठी तुम्ही मला बोलावता आणि मी आनंदाने येतो, परंतु तेथे जे ऐकावे लागते त्याने मन विषण्ण होते, हे आज तुमच्यापासून लपवीत नाही. लोहा तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा, उदगीरच्या शिक्षकाची मुलगी आणि किनवटकडील तांड्यावरून आलेला तरुण, या तिघांची आयुष्ये परस्परांहून सर्वस्वी भिन्न असताना त्यांची उत्तरे मात्र अक्षरशः एक असतात. तिघांनाही समाजाची सेवा करावयाची असते, तिघांचाही छंद वाचन हाच असतो, आणि तिघांचीही उणीव म्हणजे काम निर्दोष झाल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. ज्या मुलखाने नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे तर्कनिष्ठ विवेचन वर्षानुवर्षे ऐकले, त्या मुलखातील मुलांनी स्वतःच्या आयुष्याविषयीसुद्धा दुसऱ्याने लिहिलेले वाक्य बोलावे, हे मला बुद्धीच्या दारिद्र्याहूनही अधिक दुःखद वाटते. माझ्या मते ही तयारीच बंद करावी. मुलाने जसा आहे तसा जावे आणि सुचेल ते सांगावे.

अधिकारी : सर, 'जसा आहे तसा जावे' हा उपदेश कानाला गोड लागतो, पण तो कोणाला परवडतो, याचा विचार आपण करावा. ज्या घरात दोन-तीन पिढ्या हुद्दे आहेत, तेथील मुलगा जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या वीस वर्षे मुलाखतच देत असतो. पाहुणे त्याला काय वाचतोस म्हणून विचारतात, तो मत देतो, वडील ते खोडतात, तो पुन्हा मांडतो. ही तयारी नव्हे काय? ती वहीत लिहिलेली नसते, म्हणून आपण तिला स्वाभाविकता म्हणतो, एवढेच. उलट मुखेड किंवा जळकोट तालुक्यातील ज्या मुलाच्या घरी वडीलधाऱ्यांपुढे मत मांडणे हाच उद्धटपणा समजला जातो, त्याला आयुष्यात प्रथमच चार-पाच अनोळखी, अनुभवी माणसे एकदम प्रश्न विचारतात तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटते. अशा मुलाला तयारी नाकारणे म्हणजे दुसऱ्याच्या न दिसणाऱ्या तयारीपुढे त्याला निःशस्त्र उभे करणे होय.

प्राध्यापक : हा मुद्दा मी मानतो. त्याचा इतका स्पष्ट विचार मी केला नव्हता.

अधिकारी : आणि आपल्या मुलखाचा इतिहासही ध्यानात घ्यावा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. दप्तराची भाषा उर्दू, आणि नोकरीसाठी मुलकी, म्हणजे संस्थानचा स्थानिक रहिवासी असल्याचा दाखला हवा. मराठी शाळेत शिकलेल्या कुणब्याच्या मुलाला त्या कचेरीचा उंबरठा किती उंच वाटत असेल, याची कल्पना करावी. पुढे १९५३ च्या नागपूर कराराने शासकीय सेवांत विभागवार वाट्याचे आश्वासन दिले, आणि घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदातही मराठवाड्यासाठी राज्याच्या सेवांतील पुरेशा संधीची तजवीज झाली. परंतु करारातील कलमाने वाटा मान्य होतो, पात्रता प्रत्येकाने स्वतःच सिद्ध करावी लागते. ज्यांच्या घरात हुद्द्याची परंपरा नाही, त्यांनी ती सिद्ध करण्याचे शिक्षण घेतले तर त्यात कमीपणा कसला?

प्राध्यापक : कमीपणा नाही; पण मग मूळ प्रश्नच विचारू द्या. ही कसोटी तरी विश्वसनीय आहे काय? अजय हासिया यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रवेश आले होते. तेथे १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेला आणि एकेका उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपलेली. न्यायालयाने पंधरा टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला ठेवणे मनमानीचे ठरविले. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून 'क' गटाच्या आणि 'ब' गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. जी कसोटी कनिष्ठ पदांसाठी अविश्वसनीय ठरली, ती वरिष्ठ पदांसाठी विश्वसनीय कशी?

अधिकारी : तिचे वजन मर्यादित ठेवून. राज्यसेवेच्या जुन्या पद्धतीत मुख्य परीक्षेचे ८०० आणि मुलाखतीचे १०० गुण होते; नव्या वर्णनात्मक पद्धतीत लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, म्हणजे एकूण २०२५ पैकी साडेतेरा टक्क्यांहून किंचित अधिक. ज्याच्या सहीने कोणाची जमीन जाणार आणि कोणाला नुकसानभरपाई मिळणार, त्या माणसाला हुद्दा देण्यापूर्वी अर्धा तास समोर बसवून पाहावे, हे मला अनुचित वाटत नाही. मात्र आपला आक्षेप मी निराळ्या ठिकाणी मान्य करतो. उत्तरे तयार करण्याची जी रीत आज रूढ झाली आहे, ती सदोष आहे यात शंका नाही.

प्राध्यापक : आणि ती रीत, रागावू नका, तुमच्या लातूरच्या वळणाची आहे. प्रश्नसंच सोडवा, उत्तर जुळवा, पुन्हा सोडवा. दहावी-बारावीच्या परीक्षांत या पद्धतीने केवढे यश मिळविले, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण गणिताच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर एक असते, 'तू कोण आहेस' या प्रश्नाचे तसे नसते. जेथे प्रत्येकाचे उत्तर भिन्न असलेच पाहिजे, तेथे उत्तरपत्रिका जुळविण्याची पद्धत लावणे हाच मूळ दोष आहे.

अधिकारी : लातूर पद्धतीचा गाभा घोकंपट्टी नव्हता, सर, चाचणी, चुकीचा शोध, दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी, हा होता. आणि ज्या डॉ. जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीत परिचय घडविला, तेच लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि १९९४ साली स्थापन झालेल्या तुमच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच होते. सराव लातूरचा आणि विचार नांदेडचा, अशी वाटणी करता येणार नाही. तरीही आपले म्हणणे खरे आहे, की मुलाखतीत दुरुस्त करावयाची वस्तू निराळी असते. वाक्य दुरुस्त करून भागत नाही, त्यामागची माहिती आणि विचार दुरुस्त करावा लागतो. हे मला एका उमेदवाराने शिकविले.

प्राध्यापक : सांगा.

अधिकारी : मांजरा खोऱ्यातील, रेणापूर तालुक्यातील मुलगा. लातूरच्या पाणीटंचाईवर उपाय विचारल्यावर त्याने एका दमात सांगितले, की एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि यावर उपाय म्हणजे ठिबक सिंचन, जलसंधारण व पीकपद्धतीत बदल. उसासारखी पाण्याची पिके कमी केली पाहिजेत. उत्तर निर्दोष होते. मी सहज विचारले, 'आपल्या घरच्या शेतात काय आहे?' तो थांबला आणि म्हणाला, 'ऊस.' मी म्हटले, 'मग?' यावर त्याच्यापाशी एक शब्दही नव्हता. कारण तो ज्या कागदावरून बोलत होता, त्या कागदावर त्याचे वडील नव्हते.

प्राध्यापक : हेच तर मी म्हणतो! वडीलच नाहीत त्या उत्तरात.

अधिकारी : पण म्हणून मी त्याला 'सुचेल ते सांग' असे म्हटले नाही. त्याला म्हटले, गावी जा, वडिलांजवळ बस, आणि ते ऊस का लावतात हे एखाद्या अधिकाऱ्याने कैफियत ऐकून घ्यावी तसे ऐकून ये. आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याच्या बोलण्याचा पाया बदलला होता. तो म्हणाला, की उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि घेणारा कारखाना जवळ आहे. तुरीला व सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, परंतु त्या भावाने माल घेतला जाईलच याची खात्री नसते. त्यामुळे पाणी असो वा नसो, कर्जफेडीची चिंता असलेला शेतकरी खात्रीच्या पिकाकडेच वळतो. म्हणून केवळ उसावर बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही, तुरीच्या खरेदीची खात्री निर्माण झाली तरच सुटेल. आणि तोपर्यंत आपल्या घरी ऊस आहे ही गोष्ट लपविण्यासारखी नाही. सर, हे उत्तर तयार केलेले होते. पण ते तयार करताना त्याने वाक्य घडविले नाही, स्वतःचे घर समजून घेतले.

प्राध्यापक : अशा तयारीला माझा विरोध राहणार नाही. पण मग तयारी म्हणजे पाठांतर, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. माझ्याकडचे एक उदाहरण सांगतो. औसा तालुक्यातील एका मुलीला किल्लारीच्या भूकंपाविषयी विचारले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गाढ झोपेत असलेली माणसे, मातीत दगड रचलेल्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरे यांखाली गेलेले हजारो जीव, हे सर्व तिने इतरांप्रमाणेच सांगितले. तिचा जन्म त्या घटनेनंतरचा, माहिती पुस्तकातील. मग मी विचारले, 'गावे नव्या जागी वसविली, त्यात लोकांनी काय मिळविले आणि काय गमावले?' आणि ती पुनर्वसित गावातच वाढलेली असल्यामुळे अकस्मात निराळ्याच आवाजात बोलू लागली. घर पक्के मिळाले आणि मरणाची भीती गेली. पण रुंद, सरळ, आखीव रस्त्यांमुळे गल्ली राहिली नाही, शेत लांब पडले, आणि जुन्या वाड्यातील जनावराला, कडब्याला, बाळंतिणीला असलेली जागा नव्या आराखड्यात राहिली नाही. मग तिने स्वतःहून पुढे सांगितले, की आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी तो गावातील बायकांना दाखविला पाहिजे होता. साहेब, हे उत्तर तिने तयार केले नव्हते, आणि त्या दिवशी ऐकलेल्या साऱ्या उत्तरांत तेच श्रेष्ठ होते.

अधिकारी : तयार केले नव्हते असे कसे म्हणता? पंचवीस वर्षे ती ते तयार करीत होती. फक्त आपण तयारी करीत आहोत हे तिला ठाऊक नव्हते. आणि तुम्ही तो प्रश्न विचारला म्हणून उत्तर बाहेर आले. प्रत्यक्ष मुलाखत-मंडळाने तो विचारला नसता, तर पुस्तकी तपशील सांगून ती परत आली असती आणि तिच्याजवळ काय होते हे कोणालाही कळले नसते. आपल्यापाशी काय आहे, हे उमेदवाराला आधी कळले पाहिजे. म्हणून मी त्यांना प्रश्नांची यादी देत नाही; त्यांचाच अर्ज त्यांच्यापुढे ठेवतो. गाव, तालुका, वडिलांचा व्यवसाय, पदवीचा विषय, सोडलेली नोकरी, मधला खंड, छंद. अर्जातील प्रत्येक ओळ हा आपण स्वतः सहीनिशी दिलेला जबाब आहे. त्या ओळीखाली वाक्ये लिहू नयेत, तपशील लिहावा. आणि प्रत्येक तपशिलाला 'का', 'कसे' आणि 'मग पुढे काय' हे तीन प्रश्न स्वतःच विचारावेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही उसने आणू शकतो. दुसऱ्या प्रश्नाला उसनवारी संपते.

प्राध्यापक : मग खंडाच्या प्रश्नाचे काय? तेथे माझे मन सर्वांत अधिक दुखते. पुण्यात अभ्यासासाठी पाच-सहा वर्षे काढलेला मुलगा, मुख्य परीक्षेत दोनदा अनुत्तीर्ण झालेला. मध्ये पेरणीच्या वेळी घरी आलेला, वर्षभर तासिका तत्त्वावर शिकविलेला. त्याला शिकविले जाते, की म्हणावे, 'त्या काळात मी माझ्या व्यक्तिमत्त्वाचा विकास केला.' अपयशाला असे वस्त्र नेसवले, की त्या मुलाला स्वतःच्याच वर्षांची लाज वाटू लागते.

अधिकारी : तेथे मी त्यांना सालवार सांगावयास लावतो. अमुक साली परीक्षा दिली, यश आले नाही. कारण अमुक विषयाचा अभ्यास कच्चा राहिला. पुढील साली शिकविले, त्यातून अमुक गोष्ट शिकलो. या वेळी अभ्यासात अमुक बदल केला. चार वाक्यांत, आवाज न चढविता आणि न पाडता. अपयश लपवू नये, तसेच दैन्याचे भांडवलही करू नये. घरची गरिबी ही वस्तुस्थिती म्हणून सांगावी, गुण म्हणून पुढे करू नये. कारण समोरच्या मंडळाला दया दाखवावयाची नसते, निवड करावयाची असते.

प्राध्यापक : आणि उणीव?

अधिकारी : खरी सांगावी, पण जिच्यावर उपाय चालू आहे अशी सांगावी. ज्याला मोठ्या सभेत बोलताना संकोच होतो, त्याने तसे म्हणावे आणि त्यासाठी गेल्या वर्षभरात काय केले ते सांगावे. काही केलेच नसेल, तर मुलाखतीची वाट न पाहता आजच करावयास लागावे. या प्रश्नाची उत्तम तयारी म्हणजे ती उणीव थोडी तरी कमी करणे.

प्राध्यापक : खाजगी नोकऱ्यांचे काय? आमची पुष्कळ मुले पदवीनंतर थेट पुण्याच्या कारखान्यांकडे आणि संगणक कंपन्यांकडे वळतात.

अधिकारी : तेथे दोन प्रश्न अधिक असतात. जुनी नोकरी का सोडता, आणि पगार किती अपेक्षिता. पहिल्यात मागच्या धन्याची निंदा करू नये. नव्या कामात काय शिकावयाचे आहे ते सांगावे. दुसऱ्यात आपली मुले संकोचाने 'आपण द्याल तो' असे म्हणतात आणि नुकसान करून घेतात. त्या कामाला बाजारात काय मिळते याची चौकशी आधी करावी आणि आकडा सरळ सांगावा. मेहनतान्याविषयी बोलण्यात असभ्यता काहीच नाही.

प्राध्यापक : भाषेचाही एक विषय उरतो. राज्यसेवेची मुलाखत मराठीतून देता येते, तरीही आमची मुले इंग्रजी वाक्यांची ठिगळे जोडीत बसतात आणि बोलीचा हेल लपविण्यात त्यांची निम्मी शक्ती खर्च होते. हेल राहू द्यावा. वाक्य मात्र पूर्ण करावे, असे मी त्यांना सांगतो.

अधिकारी : त्यात माझे पूर्ण अनुमोदन. कचेरीत येणारा शेतकरी त्याच बोलीत बोलणार आहे.

प्राध्यापक : मला आता वाटते, की आपला वाद 'तयारी करावी की नाही' हा नव्हताच, तयारी कशाची करावी, हा होता. आमच्याकडचा व्यासंगी कीर्तनकार पाहा. त्याला अभंग अक्षर न चुकता पाठ असतो, आख्यानातील प्रसंग पाठ असतात. परंतु निरूपण तो घोकून येत नाही. समोर कोण बसले आहे, कोणी काय विचारले, यावर त्याचे बोलणे वळण घेते. आणि तरी ते भरकटत नाही, कारण त्याने विषयाचे वर्षानुवर्षे मनन केलेले असते. उमेदवाराने वस्तुस्थिती अशी पाठ करावी आणि विचार असा मुरवावा. बोलणे त्या वेळचे असू द्यावे.

अधिकारी : मान्य. परंतु पहिली चार-सहा निरूपणे त्यानेही गुरूपुढे केलेली असतात, हेही विसरू नये. म्हणून मोठ्याने बोलून सराव करावाच. मात्र दर वेळी त्याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या शब्दांत द्यावे. तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगता आले, तर ते आपले झाले असे समजावे. एकाच तऱ्हेने सांगता येत असेल, तर ते अजून कागदाचेच आहे.

प्राध्यापक : ही कसोटी मला पटते, आणि पुढच्या वेळी मी ती वापरीन. एक शंका मात्र कायम राहील. इतक्या तयारीनंतरही मुलाखतीत प्रामाणिकपणा मोजता येतो, असे मी मानणार नाही. 'माहीत नाही' हे नम्रपणे कसे म्हणावे, हेसुद्धा आता शिकवले जाते; मग नम्रता आणि तिचा अभ्यास यांतील भेद मंडळाने कसा ओळखावा?

अधिकारी : तो भेद मंडळाला नेहमी ओळखता येत नाही, हे मी माझ्या नोकरीतील अनुभवावरून कबूल करतो. मुलाखतीत माणसाचे इमान मोजले जात नाही. त्याने स्वतःविषयी आणि आपल्या मुलखाविषयी विचार केला आहे की नाही, एवढेच थोडेफार कळते. इमानाची परीक्षा हुद्दा मिळाल्यानंतर सुरू होते. तहसिलीत एखादा वृद्ध खातेदार येऊन विचारतो, की माझा फेरफार अद्याप का झाला नाही. कारकुनाने सांगितलेले कारण साहेब त्याला ऐकवतो. तो निघून जात नाही. तो पुढे विचारतो, की त्याच कारणाने शेजाऱ्याचा कसा झाला. तेथे पाठ केलेले काहीच कामाला येत नाही. दप्तर स्वतः उघडून पाहावे लागते आणि चूक असेल तर ती मान्य करून दुरुस्त करावी लागते. ज्याने मुलाखतीच्या निमित्ताने दुसऱ्या प्रश्नाला स्वतःच्या मनाने सामोरे जाण्याची सवय लावून घेतली, तो त्या खातेदाराला टाळणार नाही, अशी मला आशा आहे. निवड झाली नाही तरी ती सवय वाया जात नाही. शिक्षक, व्यापारी, शेतकरी, जो कोणी तो होईल, त्याला ती उपयोगीच पडेल.

प्राध्यापक : तर मग पुढील रविवारच्या सराव-मुलाखतीस मी येतो. पण माझी एक अट आहे. पहिला प्रश्न तुम्ही विचारावा, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकातले असले तरी मी तक्रार करणार नाही. दुसरा प्रश्न मात्र माझा राहील, आणि त्याच्या उत्तरासाठी उमेदवाराला हवा तेवढा वेळ द्यावा लागेल.

अधिकारी : मंजूर. आणि उमेदवारांना हे आधीच कळविण्यात येईल, म्हणजे ते वहीऐवजी आपले घर, आपले गाव आणि आपली मधली वर्षे यांचा विचार करून येतील.